इंग्रजीचा डावा हात

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पक्षाघाताला ‘ल्युफ्ट-आड्ल’ म्हणत. ‘आड्ल’ म्हणजे आजार आणि ‘ल्युफ्ट’ म्हणजे दुबळं, निकामी. केंट परगण्याच्या बोलीत या ‘ल्युफ्ट’चा उच्चार ‘लेफ्ट’ असा होई. तोच पुढे डाव्या हाताचं नाव होऊन बसला. आज कोणी इंग्रज ‘माय लेफ्ट हँड’ म्हणतो तेव्हा शब्दाच्या मुळाशी गेलं तर तो ‘माझा लुळा हात’ असं म्हणत असतो. त्याच्या हे गावीही नसतं.

मी डावखुरी. सिंधुदुर्गातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. फळ्यावर डावीकडून उजवीकडे लिहिताना माझी बाही शब्दांवरून फिरायची आणि संध्याकाळी कोपरापर्यंत खडू असायचा. हे बघून दर वर्षी एखादं चुणचुणीत पोर विचारायचंच, “बाई, राइट म्हणजे बरोबर, मग लेफ्ट म्हणजे उरलेला का?” शंका रास्त आहे. ‘लीव्ह’चं भूतकाळी रूपही ‘लेफ्ट’च, आणि कालच्या भाताला इंग्रजीत ‘लेफ्टओव्हर’ म्हणतात. पण हे दोन ‘लेफ्ट’ एकमेकांचे कोणी लागत नाहीत. डावा हात उरलेला नव्हे. त्याची खरी कथा यापेक्षा जास्त अपमानाची आहे.

‘लेफ्ट’ रूढ होण्याआधी इंग्रजांकडे डाव्या हातासाठी चांगला घरंदाज शब्द होता, ‘विनेस्त्रे’. ‘विने’ म्हणजे मित्र, त्यामुळे ‘विनेस्त्रे’चा अर्थ ‘जास्त स्नेहाचा हात’ असा लावतात. उजव्याला म्हणत ‘स्वीथ्रे’, म्हणजे ‘जास्त ताकदीचा’. एक बळाचा, एक मायेचा, अशी ती जोडी होती. इ. स. १२००च्या सुमारास दोन्ही शब्द मागे पडू लागले. उजव्या हाताला ‘राइट’ मिळालं, जे मुळात सरळ आणि न्याय्य या अर्थाचं. डाव्याच्या वाट्याला ‘लेफ्ट’ आलं. तेव्हापासून उजव्याकडे बरोबरपणा, हक्क, सरळपणा असा सगळा जमीनजुमला आहे.

‘जास्त स्नेहाचा’ हे नाव प्रेमातून पडलं असेल असं मात्र समजू नये. बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढवली म्हणतो. अंगावर फोड उठवणाऱ्या जीवघेण्या रोगाला ‘देवी’ म्हणायचो. ज्याची धास्ती वाटते त्याला गोड नाव द्यायचं, ही जुनी युक्ती आहे. ग्रीकांनी तेच केलं. त्यांच्या डाव्या हाताचं एक नाव ‘अधिक चांगला’ अशा अर्थाचं, दुसऱ्याचा अर्थ ‘शुभ नावाचा’. संस्कृतातला ‘वाम’ही एकाच वेळी डावा, सुंदर आणि प्रतिकूल. स्वीडिश आणि डॅनिश लोकांनी ‘विनेस्त्रे’चं भावंड अजून जपलंय, ‘वेन्स्टर’ आणि ‘वेन्स्त्रे’. डेन्मार्कमध्ये तर ‘वेन्स्त्रे’ नावाचा एक मोठा पक्ष आहे. नाव डावं आणि धोरणं बरीचशी उजवीकडची, हा तिथल्या राजकारणाचा विनोद.

राजकारणातले ‘डावे’ इंग्रजीत फ्रान्समधून आले. १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेत राजाचे अधिकार कमी करू पाहणारे अध्यक्षांच्या डाव्या बाजूला बसू लागले आणि बसण्याची जागा हेच विचारांचं नाव झालं. थॉमस कार्लाइलने १८३७ साली फ्रेंच क्रांतीचा इतिहास लिहिताना ते इंग्रजीत वापरलं. त्यात हाताची निंदा नाही, फक्त खुर्च्यांची मांडणी आहे.

निंदा करण्याचं काम इंग्रजीने परदेशी शब्दांवर सोपवलं. ‘सिनिस्टर’ हा लॅटिन शब्द साधा ‘डावा’ एवढाच होता. रोमन पुरोहित पक्ष्यांच्या हालचालींवरून कौल घेत. ते दक्षिणेकडे तोंड करून बसत, म्हणजे उगवती त्यांच्या डाव्या हाताला येई आणि डावीकडचा पक्षी शुभ ठरे. ग्रीक पुरोहित उत्तरेकडे तोंड करत, त्यांचं डावं अशुभ. रोमनांवर ग्रीक विद्येची छाप पडत गेली तसा ‘सिनिस्टर’चा शकुनही फिरला. नुसतं तोंड कुठे केलं यावर एका हाताची अब्रू अवलंबून होती, हे वाचून मी बराच वेळ हसत होते. कारण आमच्याकडेही देवाला पाकळ्या लावून गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सारं घर श्वास रोखून बघत असतं की कौल उजवा पडतो की डावा. उजवा पडला की लग्न ठरतं, डावा पडला की नवरामुलगा परत जातो. माझ्यासमोर एका चांगल्या मुलाला डाव्या पाकळीने असं परत पाठवलेलं आहे.

‘सिनिस्टर’ पंधराव्या शतकात इंग्रजीत आला तो कपटी, अनिष्ट हा अर्थ घेऊनच. शेक्सपियरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये भिंतीचं सोंग घेतलेला कारागीर आपल्या अंगावरच्या भेगेचं वर्णन करताना ‘सिनिस्टर’ निव्वळ डावा या अर्थाने वापरतो, पण तो विनोदासाठी. ढालीवरच्या राजचिन्हांच्या शास्त्रात मात्र शब्दाने जुना अर्थ सोडला नाही. तिथे ‘सिनिस्टर’ म्हणजे ढाल धरणाऱ्याची डावी बाजू, म्हणजे बघणाऱ्याची उजवी. त्या बाजूने तिरपा जाणारा पट्टा अनौरस संततीची खूण मानला जाऊ लागला. झालं, तिथेही डाव्याचं नाव बदनाम.

आता या दोन शब्दांचे प्रवास शेजारी ठेवून बघा. ‘लेफ्ट’ शिवी म्हणून निघाला आणि वाट दाखवणारा साधा शब्द होऊन थांबला. ‘सिनिस्टर’ वाट दाखवणारा म्हणून निघाला आणि खलनायक झाला. शब्दाच्या मुळात काय होतं याने कोणाला लागत नाही. तो लोकांनी कशासाठी वापरला त्याने लागतं. म्हणून व्युत्पत्ती सांगून भाषेला दोषी ठरवणारे लेख मी जरा सावधपणेच वाचते.

फ्रेंचमधून आलेल्या ‘गोश’चंही तेच. फ्रेंचमध्ये डावा, इंग्रजीत चारचौघांत वागायची रीत नसलेला. उलट उजव्यासाठीच्या लॅटिन ‘डेक्स्टर’वरून इंग्रजीने हस्तकौशल्याचा शब्द घेतला, ‘डेक्स्टेरिटी’. दोन्ही हात सारखेच चालणाऱ्याला इंग्रजी ‘अँबिडेक्स्ट्रस’ म्हणते, म्हणजे शब्दशः ‘दोन्हीकडे उजवा’. डाव्याने चांगलं काम केलं की त्याला बढती देऊन उजवा करायचं! इथे मात्र महाभारत इंग्रजीपेक्षा उदार निघालं. दोन्ही हातांनी बाण सोडणाऱ्या अर्जुनाला ‘सव्यसाची’ म्हटलं गेलं आणि त्या नावातला ‘सव्य’ म्हणजे डावा. त्याच्या कौशल्याचं माप डाव्या हाताने घेतलं गेलं.

बायबलच्या इंग्रजी भाषांतरांनी डाव्या हाताला काही चिरकाल टिकणारे वाक्प्रचार दिले. मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, येशू सांगतो की दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको. आपल्याकडेही ‘या हाताचं त्या हाताला कळू नये’ म्हणतात ते याच अर्थाने, गुप्तदानासाठी. पण आजचा इंग्रज हे वाक्य दानासाठी वापरतच नाही. त्याच्या तोंडी त्याचा अर्थ ‘कचेरीतला गोंधळ’ असा झालाय. पहिल्या खिडकीने दाखला द्यायचा आणि दुसऱ्या खिडकीने तोच दाखला आणला नाही म्हणून हाकलायचं, अशा कारभाराला तो म्हणेल की इथल्या डाव्या हाताला उजव्याची खबर नाही. पुण्य मिळवायचं वाक्य तक्रारीचं झालं. मला वाटतं, यात तोटा इंग्रजीचाच झाला.

त्याच बायबलात बेन्यामीन वंशाचा एहूद डावखुरा आहे. त्याने तलवार उजव्या मांडीला, वस्त्राखाली बांधली आणि शत्रुराजाला गाफील गाठलं. ‘बेन्यामीन’ या नावाचा अर्थच ‘उजव्या हाताचा पुत्र’. लग्नाची अंगठीही डाव्याच हाताला. १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकाने ती वधूच्या डाव्या हातात घालायला सांगितलं, त्याआधीच्या विधीत ती उजव्यात घालत. पण ‘लेफ्ट-हँडेड मॅरेज’ म्हटलं की वेगळाच वास येतो. युरोपातला राजपुत्र कमी दर्जाच्या घराण्यातल्या मुलीशी लग्न करताना तिला डावा हात देई, म्हणजे पत्नीपद मिळायचं पण पदवी नाही आणि मुलांना वारसाही नाही. १९३६ साली आठव्या एडवर्डने वॉलिस सिम्पसनसाठी अशाच धर्तीची वाट सुचवून पाहिली. बाल्डविन सरकारने ती नाकारली आणि राजाने गादी सोडली.

‘लेफ्ट-हँडेड काँप्लिमेंट’चं उदाहरण माझ्या घरचं आहे. मुंबईच्या एका नातेवाईकबाई मला म्हणाल्या होत्या, “तुझं इंग्रजी किती छान आहे गं, कोकणातल्या शाळेत शिकल्यासारखं वाटतच नाही.” डाव्या हाताची शाबासकी ती हीच. डिकन्सच्या काळात लंडनकर याहून सरळ होते. बोललेल्याचा अर्थ उलटा घ्यायचा असेल तर अंगठा डाव्या खांद्यावरून मागे दाखवायचे आणि ‘ओव्हर द लेफ्ट’ म्हणायचे. ‘पिकविक पेपर्स’मध्ये डिकन्सने या हातवाऱ्याची छान फोड केली आहे.

पुस्तकी इंग्रजी सोडून खेड्यांत गेलं की खरी गंमत सुरू होते. १९५० च्या दशकात लीड्स विद्यापीठाच्या हॅरॉल्ड ऑर्टन यांच्या देखरेखीखाली इंग्लंडमधली तीनशेहून जास्त ठिकाणं पालथी घालून म्हाताऱ्या शेतकऱ्यांची बोली टिपण्यात आली. डावखुऱ्याला काय म्हणता, हाही त्या प्रश्नावलीतला एक प्रश्न. उत्तरं वाचताना वाटतं, एवढ्याशा बेटावर डावखुऱ्यांना चिडवण्यासाठी गावागणिक स्वतंत्र शब्द कशाला हवा होता? ईशान्येकडे ‘कडी-विफ्टर’. त्यातला ‘कडी’ तिकडच्या बोलीत गाढवालाही म्हणतात. बऱ्याच ठिकाणी ‘कॅक-हँडेड’, आणि तो आजही ‘धांदरट’ या अर्थाने सर्रास चालतो. ‘कॅक’ म्हणजे विष्ठा. काही कोशकार त्याचं मूळ ‘वाकडा’ अशा अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दात शोधतात, पण आपल्यासारख्यांना एवढ्या लांब जायची गरज वाटत नाही. डावा हात कशासाठी राखलेला असतो ते आपल्या प्रत्येक आजीने सांगितलेलं असतं.

स्कॉटलंडच्या सीमाभागात डावखुऱ्याला ‘कॉरी-फिस्टेड’ म्हणतात. तिथे त्याचा संबंध केर घराण्याशी जोडतात. हे लढवय्ये केर डाव्या हाताने तलवार चालवत आणि जेडबर्गजवळच्या फर्निहर्स्ट गढीतला गोल जिना त्यांनी म्हणून उलट्या दिशेने वळवून घेतला, अशी आख्यायिका आहे. चढणाऱ्या उजव्याची तलवार मधल्या खांबाला अडावी, ही नेहमीची रीत मानतात. केरांना ती फिरवून हवी होती. उत्तर आयर्लंडमध्ये हात सोडून पायावर आले. कॅथलिकाला तिथे ‘लेफ्ट-फूटर’ म्हणतात. फावड्याला एकाच बाजूला पाय ठेवायची खाच असे, आणि कॅथलिक डाव्या पायाने खणतात असा समज होता. धर्म ओळखायला फावडं पुरायचं.

शाळांनी या सगळ्यावर छडी उगारली. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ख्रिस मॅक्मॅनस यांनी ‘राइट हँड, लेफ्ट हँड’ या २००२ च्या पुस्तकात जे मांडलंय त्यावरून व्हिक्टोरिया राणीच्या काळाअखेर जन्मलेल्यांत डावखुरे शंभरात तीनच्या आसपास दिसतात. आज ते दहाच्या घरात आहेत. १८९५ साली जन्मलेल्या सहाव्या जॉर्जला लहानपणी उजव्या हाताने लिहायला लावलं गेलं. टेनिसची रॅकेट मात्र त्याने डाव्याच हातात धरली आणि १९२६ मध्ये तो विंबल्डनच्या दुहेरीत तसाच खेळला. माझ्या बाबतीत घरच्यांनी पेन्सिल डाव्या हातात राहू दिली, हळदकुंकू आणि प्रसाद उजव्या हाताने. या तडजोडीबद्दल माझी तक्रार नाही. दोन्ही हातांना कामं मिळाली.

सगळं इंग्रजी डाव्यावर दात धरून आहे असं मात्र नाही. जिथे नीट काम होणं महत्त्वाचं, तिथे भाषाही सुधारते. जहाजाची उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’, कारण जुन्या जहाजांचं सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला असे. डावी बाजू ‘लारबोर्ड’. भर वादळात ओरडून सांगितलेले हे दोन शब्द एकसारखेच ऐकू येत. अखेर १८४४ साली ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून ‘लारबोर्ड’ बंद केला आणि ‘पोर्ट’ आणला. जहाज धक्क्याला डाव्या अंगाने लागे, त्यावरून हे नाव. ना शिवी, ना गोंजारणं.

खेळातही तसंच. अमेरिकेत डावखुऱ्याला ‘साउथपॉ’ म्हणतात, दक्षिणेचा पंजा. बेसबॉलच्या मैदानात गोलंदाजाचा डावा हात दक्षिणेला येतो म्हणून हे नाव, असं सांगण्यात येतं. शब्द त्याआधीच मुष्टियुद्धाच्या संदर्भात छापून आला होता, त्यामुळे गोष्ट देखणी असली तरी जरा उशिराची आहे. क्रिकेटचं इंग्रजी ‘स्लो लेफ्ट-आर्म’ इतक्या कोरडेपणाने म्हणतं की मला ते आवडतं. या कोरड्या शब्दांत १९११ साली इंग्लंडमध्ये एका माणसाची वाखाणणी झाली. पालवणकर बाळू. पहिल्या अखिल भारतीय संघाच्या त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. त्यांच्या जातीमुळे पुण्यात त्यांचे संघसोबती मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू झेलत आणि चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. त्यांचा कोणता हात शुभ आणि कोणता अशुभ हा प्रश्नच इथे कोणाला पडला नाही, सगळा माणूसच बाहेर ठेवला होता. धावफलक मात्र फक्त हात बघत होता.

क्रिकेटने एक शब्द बराच काळ उगाच सांभाळला. मनगटाने फिरकी देणाऱ्या डावखुऱ्याच्या चेंडूला ‘चायनामन’ म्हणायचे. १९३३ साली ओल्ड ट्रॅफर्डला चिनी वंशाच्या एलिस अचाँग यांनी वॉल्टर रॉबिन्सना यष्टिचीत करवलं, त्या प्रसंगाची दंतकथा त्याला चिकटलेली आहे. २०१८ मध्ये ‘विस्डेन’ या क्रिकेट-वार्षिकाने तो शब्द काढून सरळ ‘मनगटी डावखुरी फिरकी’ अशा अर्थाचे शब्द घेतले. समालोचक अजून अडखळतात.

औषधाच्या दुकानात जाऊन बघा. शिंकांवरची लेव्होसेटिरिझिन, थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन. ‘लेव्हो’ म्हणजे लॅटिनमधला डावा, कारण त्या रेणूंचं द्रावण विशिष्ट प्रकारच्या प्रकाशाला डावीकडे वळवतं. सलाइनच्या बाटलीवरचं डेक्स्ट्रोज उजवीकडे वळवतं. दोन्ही शिरेत किंवा पोटात जातात, कोणी कौल लावत नाही.

आणि टाइपरायटर. तालुक्याच्या टायपिंग क्लासमध्ये आमच्या बाई पट्टी घेऊन मागे उभ्या असायच्या, तरी मला तिथे मजा यायची आणि उजव्या मुली कुरकुरायच्या. कारण अक्षरांच्या मांडणीत आहे. इंग्रजीत सतत लागणारी ई, टी, ए, एस, आर ही सगळी अक्षरं डाव्या हाताखाली येतात. ओ, आय, एन उजव्याकडे असूनही इंग्रजीचे निम्म्याहून जास्त ठोके डावाच हात मारतो. ‘वॉटर’, ‘ग्रेट’, ‘सीक्रेट’, ‘अॅड्रेस’ हे शब्द उजव्या हाताला न उठवता पुरे होतात. ‘स्ट्युअर्डेस’ही. टाइप करून बघा, दुसऱ्या हातात चहाचा कप राहू द्या.